कारणाचा रकाना

दाखल्यावर एक रकाना असतो :
शाळा सोडण्याचे कारण.
उत्तरं माझ्या टेबलाच्या काचेखालीच आहेत,
आधीच्या क्लार्कच्या वळणदार अक्षरात.
पालकांच्या विनंतीवरून.
स्थलांतर.
पुढील शिक्षणासाठी.
आमच्या शाळेत बहुतेक पहिल्यावर भागतं.

कस्तुरा मुदगलचा मामा आला तेव्हा
तुर्भ्याच्या खाणीवरची धूळ
खिडकीच्या गजांवर बसत होती, रोजच्यासारखी.
चपला बाहेर काढून तो आत आला.
आवाज चढवणाऱ्याशी भांडता येतं,
ह्याने हात जोडले.
साहेब, दाखला द्या, पोरगी गावी जाईल.
कुठलं गाव, मी विचारलं.
तो बराच वेळ माझ्या पंचिंग मशिनकडे बघत राहिला.

मला ठाऊक होतं. शाळेत सगळ्यांनाच होतं.
दहावीचं वर्ष, सातवा महिना,
केस ठाण्याच्या कोर्टात.
ज्याच्यावर केस, तो जामिनावर सुटून
पुन्हा पाण्याचा टँकर चालवत होता.
त्याला सोडायला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, प्रिंटर बंद आहे. सोमवारी या.
सोमवारी म्हणालो, शाई संपली.
मग मुख्याध्यापक रजेवर. मग लाईट.
मग सर्व्हर डाऊन.
सर्व्हरचं नाव काढलं की माणसं
देवळात आल्यासारखी गप्प होतात.
अकरा वर्षं मी लोकांना हेलपाटे घालायला लावले,
आळसाने, कधी चहापाण्यासाठी.
तोच हात वळणावर गेला होता, इतकंच.
ह्यात मोठेपणा नाही.

मोठेपणा असेल तर वैती बाईंचा.
दर शनिवारी पिशवीत भूमितीचं पुस्तक
आणि वरून मेथीची जुडी.
वस्तीत कुणी विचारलंच तर, भाजी द्यायला आले.
कस्तुराची आई ती भाजी निवडायची
आणि दाराकडे तोंड करून बसायची,
आत प्रमेय चालू असताना.
बोर्डाचा फॉर्म बाईंनीच भरून आणला.
फोटोत पोरगी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.
मी तो तसाच चिकटवला.

मार्चमध्ये केंद्र कोपरखैरणेला.
गेटबाहेर गुलमोहराच्या टिचभर सावलीत
मामा उभा, एका हातात बाटली,
खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ.
मला बघून ओशाळला.
म्हणाला, झोपत नाही हो, उभं राहावं लागतं.
तीन तास तो उभाच होता.
भाषेच्या पेपरला, गणिताच्याही.

गणितात राहिली.
बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.
जुलैत पुन्हा बसली, बेचाळीस मिळाले.

ऑगस्टमध्ये ती स्वतः आली माझ्या खिडकीशी.
कमरेवर पोर, हातात मार्कशीटची झेरॉक्स.
साहेब, दाखला हवाय. अकरावीचा फॉर्म भरायचाय.
आणि अगदी सरळ चेहऱ्याने :
प्रिंटर सुरू झाला का?

हसू आलं मला, तिला नाही.
म्हटलं, हाताने लिहून देतो.
काचेखालचं तिसरं उत्तर
शेवटचं कधी लिहिलं, आठवेना.
'शिक्षणासाठी'तला क्ष दोनदा गिरवावा लागला.
पोराने तेवढ्यात शाईचं पॅड ओढलं,
जनरल रजिस्टरच्या पानावर
पाच जांभळी बोटं.
खाडाखोड चालत नाही त्या रजिस्टरमध्ये,
म्हणून ती तशीच आहेत.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर
मी मागची पानं उलटत बसलो.
शबनूर. भागू. रेश्मा धोत्रे.
अस्मिता, जिचा नेहमी शुद्धलेखनात पहिला नंबर.
पालकांच्या विनंतीवरून, पालकांच्या विनंतीवरून.
अक्षर माझंच.
काहींच्या नावापुढे पेन्सिलने मोबाईल नंबर आहेत.
बाईंनी ते एका कागदावर उतरवून मागितलेत.
उतरवलेत.
कागद अजून माझ्या खिशात आहे.